पुढचं विचारू नका

परभणी
९ ऑगस्ट २०२४

ती. बिरदेवमामांस,
अर्पिताचा सा. न. वि. वि.

तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी इकडून ओरडायचं, बानूमामीनं तेच तुमच्या कानाशी ओरडायचं, आणि शेवटी माझे मार्क अर्ध्या चारठाण्याला कळायचे. म्हणून हे पत्र. तोफांनी तुमचे कान नेले, पण डोळे आणि अक्षर शाबूत आहेत. कानाचं मशीन अजून डब्यातच आहे, हेही मामीकडून कळलंय. खोटं बोलू नका.

इकडं सगळं ठीक. वालूरला माय मजेत आहे, सोयाबीन फुलावर आलंय. माझं एम. ए.चं दुसरं वर्ष सुरू झालं. आमच्या मॅडमनी प्रत्येकाला एक गाजलेलं भाषण घेऊन त्याचं विश्लेषण करायला सांगितलंय. बोलणारा काय म्हणाला, कसं म्हणाला आणि काय म्हणायचं टाळलं, हे वाक्यावाक्यातून दाखवायचं. मी जनरल उकिडव्यांचं निरोपाचं भाषण घेतलंय. गेल्या महिन्यात पुण्यात निवृत्त होताना केलेलं. ते तुमच्या पलटणीचे कर्नल होते ना? वर्गात मी ऐटीत सांगून टाकलं की माझे मामा त्यांच्या हाताखाली होते.

भाषण तुम्ही पाहिलंच असेल, खाली अक्षरं येतात. सगळ्यांना पाठ झालेला भाग हा : ‘एकवीस वर्षांपूर्वी माझ्या पलटणीत एक निरोप उशिरा पोहोचला. तीन मुलं बर्फाखाली गेली. तो निरोप कोणामुळे अडकला, हे मला तेव्हा विचारलं गेलं, आजही विचारतात. माझं उत्तर एकच आहे. माझ्यामुळे. पुढचं विचारू नका.’ यानंतर सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं.

मला पुढचंच विचारायचं आहे. निरोप कसला होता? तो अडकला कसा? तुम्ही तेव्हा पलटणीतच होतात का? सविस्तर लिहा. तुमचं नाव आभारात घालीन, शिवाय मामीला दिवाळीत परभणीचा बाजार दाखवीन.

तुमची माया आहेच. ती उत्तरातून लवकर पाठवा.

तुमची,
अर्पिता


चारठाणा
१७ ऑगस्ट २०२४

चि. अर्पितास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणायलीय, अर्ध्या नव्हं, सगळ्या चारठाण्याला ऐकू जातं. मशीन कानात शिट्टी मारतं, म्हणून डब्यात हाय. तुझ्या मायला सांग, शेळ्या चांगल्या हायत, एकीला जुळं झालं.

साहेबांचं भाषण मी पाहिलं. साहेब लय म्हातारे दिसायले. आमचे साहेब जवानांच्या मागं रांगेत उभं राहून जेवण घ्यायचे. आठशे माणसांची गावं त्यांना तोंडपाठ. मला पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हणाले होते की जिंतूरच्या पुढचं चारठाणा, जुन्या देवळांचं, तेच ना. मी सुट्टीवरून आलो की मायबापाची तब्येत विचारायचे. हे सगळं तू लिही. भाषणाच्या सुरुवातीला ते लंगरच्या स्वयंपाक्याचे आभार मानतात, ते बघ. असं कोणता जनरल करतो?

बर्फाचा तो भाग मात्र सोडून दे. त्यात काही न्हाई. जुनी गोष्ट हाय. गेलेल्या माणसांना कागदावर ओढू नये.

अभ्यासात जीव लाव. जेवण वेळेवर करत जा, मेसचं कितीही पानचट असलं तरी.

असाच जीव लावत राहा, बाई.

तुझा मामा,
बिरदेव


परभणी
६ सप्टेंबर २०२४

ती. मामांस, सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. माझा निबंध कॉलेजात पहिला आला. मॅडमनी तो भर कार्यक्रमात वाचायला लावला आणि मग इथल्या एका पेपरनं रविवारी छापला. ‘कबुली की टाळी?’ हे नाव माझंच. सोबत कात्रण पाठवलंय.

तुम्ही सोडून दे म्हणालात तोच भाग मी धरला. रागावू नका, पण सगळं भाषण त्यातच आहे. बघा, साहेब स्वतःच्या शौर्याचं सांगतात तेव्हा ‘आम्ही गेलो, आम्ही लढलो’ म्हणतात. बर्फाशी आले की कर्ता गायब. निरोप ‘पोहोचला’, मुलं ‘गेली’. जणू कोणी काही केलंच नाही. मग एकदम ‘माझ्यामुळे’. पण काय केलं म्हणून? ते नाहीच. म्हणजे कबुली आहे आणि तिच्यात कृती नाही. अशी कबुली द्यायला काही लागत नाही. आणि ती देऊन झाल्यावर ते थांबतात. मी घड्याळ लावून मोजलं, अकरा सेकंद. टाळ्यांसाठी. मी शेवटी लिहिलंय की क्षमा मागायची असते ती मेलेल्यांच्या दारात जाऊन, सभागृहात नाही. आणि पुढचं विचारू नका असं जो म्हणतो, त्याच्याच हातात तो निरोप अडकलेला असतो.

माझ्या वाचनाचा व्हिडिओ कोणीतरी टाकला, तो दोन लाख लोकांनी पाहिला. आता साहेबांना लोक नाटकी म्हणायलेत, कोणी त्यांची पदकं काढून घ्या म्हणायलंय. हे जरा जास्त होतंय, पण प्रश्न तर विचारला गेला.

आणखी एक. त्या तिघांपैकी एक मुलगा आपल्याच जिल्ह्यातला होता असं कळलं, राणीसावरगावचा परमेश्वर. त्याची आई आहे अजून. पेपरवाले म्हणायलेत की बावीस तारखेला त्यांच्याकडे जाऊ, त्यांना कॅमेऱ्यासमोर विचारू की जनरल कधी तुमच्या दारात आले होते का. तुम्ही चला ना सोबत. फौजी माणूस बरोबर असला की त्या मोकळं बोलतील.

तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, म्हणून मला माझंच डोकं चालवावं लागलं. तेव्हा या बक्षिसात तुमच्या गप्प बसण्याचाही वाटा आहे!

आशीर्वाद कमी पडू देऊ नका.

तुमची,
अर्पिता


चारठाणा
११ सप्टेंबर २०२४

चि. अर्पितास आशीर्वाद.

कात्रण मिळालं. तुझं छापलेलं नाव पाहून मामीनं ते देवापुढं ठेवलं होतं. मी ते तिथून काढलं. का काढलं ते आता लिहायलोय. दोन कागद फाडून हा तिसरा हाय.

त्या माउलीकडं कॅमेरा घेऊन जाऊ नको. आधी हे वाच.

तू लिहिलंस, निरोप ज्याच्या हातात अडकला तोच पुढचं विचारू नका म्हणतो. तसं न्हाई, बाई. तो निरोप माझ्या हातात अडकला होता.

अठरा जानेवारी दोन हजार तीन. मी नाईक होतो, काम वायरलेसवर. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी खालून निरोप आला की अकरानंतर बर्फाचा कडा सुटण्याचा धोका हाय, वरच्या चौकीवरून कोणी हलू नये. तिथली गस्त अकराला निघणार होती. ती थांबवायचा हुकूम फक्त साहेब देऊ शकत होते. मी निरोप कागदावर उतरवला अन् साहेबांच्या बंकराकडं गेलो.

आत वरून आलेले मोठे अधिकारी बसले होते. मीटिंग संपेपर्यंत कोणी आत येऊ नये, असं साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. आठ दिवसांपूर्वी मी असाच एक कागद घेऊन मधेच आत गेलो होतो, तेव्हा एका साहेबानं सगळ्यांसमोर मला गाढव म्हणून बाहेर काढलं होतं. ते माझ्या डोक्यात होतं. मी बाहेर उभा राहिलो. चाळीस मिनिटं.

तुला वाटंल, दार बंद असंल. दार नव्हतंच. कांबळ्याचा पडदा होता. तेव्हा माझे कान चांगले होते, आतला शब्द न् शब्द ऐकू यायचा. भज्यांचा वास यायचा. मी म्हणायचो, हे साहेब बोलायचे थांबले की जातो. ते थांबले की दुसरे सुरू व्हायचे. मी टोपी नीट केली. कागदाची घडी केली, उघडली, परत केली. घड्याळ पाहत होतो. अकराला वेळ हाय, असं मनाला सांगत होतो.

वरच्या चौकीनं ऊन चांगलं पडलंय म्हणून गस्त पावणेअकरालाच सोडली. दहा पन्नासला पडदा सरकला. साहेबांनी कागद वाचला अन् मला ढकलून स्वतः वायरलेसच्या सेटकडं पळाले. गस्त डोंगराच्या धारेपलीकडं गेली होती. सेट लागेना. साहेब ओरडत राहिले. साडेअकराला आवाज झाला, तो आमाला खाली ऐकू आला.

चौकशीत साहेबांनी लिहून दिलं की आत न येण्याचा हुकूम माझा होता, नाइकानं तो पाळला, दोष माझा. अशा निरोपाला कोणताच हुकूम आडवा येत न्हाई, हे आमाला ट्रेनिंगमधेच शिकवलेलं असतं. साहेबांना ते माहीत होतं. मला ते माहीत हाय हेही त्यांना माहीत होतं. मला बोलावून म्हणाले की जा, काम कर, यावर पुन्हा बोलायचं न्हाई. त्यांची बढती दोन वर्षं अडकली. माझी वेळेवर झाली.

परमेश्वर बावीस वर्षांचा होता. परभणी जिल्ह्यातले आमी दोघंच, म्हणून दहा दिवसांनी तो बर्फात सापडल्यावर त्याच्या पेटीसंगं मलाच राणीसावरगावला पाठवलं. त्याची माय नर्मदाबाई माझ्या गळ्यात पडून रडली. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. दर अठरा जानेवारीला मी तिथं जातो. शाळेतली लेकरं मला सॅल्यूट ठोकतात. ती माय मला लेका म्हणते, स्वतः भाकरी थापून वाढते, अन् मी खातो. एकवीस वर्षं खाल्ली.

मेलेल्यांच्या दारात जाऊन क्षमा मागायची, हे तू साहेबांसाठी लिहिलंस. मी तर दरसाल त्याच दारात जायलो अन् जेवून यायलो.

मामीला अजून माहीत न्हाई. मी आज सांगणार हाय.

यानंतर तुझी माया राहील का न्हाई ते मला माहीत न्हाई. राहिली तर तो तुझा मोठेपणा.

बिरदेव


परभणी
१७ सप्टेंबर २०२४

ती. मामांस, सा. न. वि. वि.

आज मुक्तिदिनाचं झेंडावंदन होतं. कॉलेजात सगळे येऊन माझं अभिनंदन करत होते आणि मला कुठंतरी तोंड लपवावंसं वाटत होतं. तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं.

मी पेपरच्या कार्यालयात जाऊन आले. बावीस तारखेचं रद्द करा, निबंधातलं शेवटचं पान चुकीचं आहे, दुरुस्ती छापा, असं सांगितलं. संपादक म्हणाले की चुकीचं कशावरून, पुरावा काय. मी तुमचं नाव घेतलं नाही. नाव असेल तर छापतो, नाव नसेल तर ती दुरुस्ती नाही, नुसतं घाबरणं आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं चुकलं नाही.

मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला, माझाच. शेवटचं वाक्य म्हणून मी थांबते. लोक टाळ्या वाजवतात. मी थांबूनच राहते. या वेळी मी मोजलं नाही, मला धीर झाला नाही. साहेब अकरा सेकंद का थांबले, ते मला काय माहीत होतं? त्यांना कदाचित पुढं बोलता येत नसेल. ही शक्यता माझ्या मनात एकदासुद्धा आली नाही, आणि मी म्हणे भाषणातलं न बोललेलं शोधत होते.

जनरलसाहेबांना मी माफीचं पत्र पाठवलंय. तुमचं नाव त्यात नाही.

एक गोष्ट लिहू का? मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलंत, त्यात काही न्हाई. ते एक वाक्य तुम्ही लिहिलं नसतंत तर मी हे छापलं नसतं. मला तुमचा राग आलाय. तुम्ही मला सायकलवर वालूरच्या शाळेत सोडायचात, सुट्टी संपताना सगळ्यात आधी रडायचात ते तुम्हीच, आणि त्या तुमचा मला राग आलाय, याचीही लाज वाटायलीय. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिलं.

नाव छापायचं की नाही ते मी ठरवणार नाही. पण नर्मदाबाईंना ते पेपरातून कळू नये.

माया आहे, मामा. सध्या ती नीट बोलत नाही एवढंच.

अर्पिता


चारठाणा
३० सप्टेंबर २०२४

चि. अर्पितास आशीर्वाद.

राग आला ते बरं झालं. राग आला नसता तर मला वाटलं असतं की तू मला परकं केलंस.

मामीला सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई. तिसऱ्या दिवशी माझी इस्त्री केलेली कापडं बाहेर काढून ठेवली अन् खुणेनं म्हणाली की जा. सोबत येऊ का विचारलं. मी नको म्हणालो.

जिंतूर, परभणी, गंगाखेड, राणीसावरगाव. तीन एसट्या बदलून दुपारी पोचलो. वाटेत परभणीला तुझ्याकडं यावं वाटलं, पण आलो असतो तर तिथूनच माघारी फिरलो असतो. मशीन कानात घातलं होतं. म्हटलं, ती जे बोलंल ते ऐकायला आलं पाहिजे.

नर्मदामाय ओसरीवर तूर निवडत होती. जानेवारी सोडून असा मधेच कसा आलास लेका, म्हणाली. पाणी दिलं. मी पाणी पिलो न्हाई, आधी सांगितलं. सगळं सांगितलं, टोपी नीट केली तेसुद्धा. ती सुपातली तूर निवडत राहिली. मला वाटलं तिला ऐकूच आलं न्हाई. मग तिनं विचारलं की पडदा कशाचा होता. मी म्हणालो, कांबळ्याचा. तिनं विचारलं, जाड होता का? मी म्हणालो, न्हाई.

तिनं सूप बाजूला ठेवलं. मशीन शिट्टी मारत होतं तेवढंच. तिच्या लेकीची लेक शिवकन्या कॉलेजातून आली, चहा ठेवू का म्हणाली. माय म्हणाली की ठेवू नको, हवालदारसाहेबांची गाडी हाय. गाडीला दीड तास होता. मी उठलो. पायाला हात लावायला वाकलो तर तिनं पाय मागं घेतले.

ती रडली न्हाई, ओरडली न्हाई. तशी ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला गाडीत वाटलं. मग वाटलं, आपल्याला बरं वाटावं म्हणून तिनं ओरडावं होय?

माझं नाव छाप. पूर्ण छाप : हवालदार बिरदेव, निवृत्त, मुक्काम चारठाणा. साहेबांनी पुढचं विचारू नका म्हटलं ते माझ्यासाठी, हेही लिही. ही चिठ्ठी पुरावा म्हणून दाखव.

तुझ्या मायला मी स्वतः येऊन सांगतो. तोवर तू सांभाळ.

मामा


परभणी
१४ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस, सा. न. वि. वि.

दुरुस्ती छापून आली. निबंध पुरवणीच्या पहिल्या पानावर होता, ही आतल्या पानावर कोपऱ्यात, पंपाच्या जाहिरातीखाली. तरी तुमचं नाव पूर्ण आहे आणि माझंही. मी लिहिलंय की मी शब्द तपासले, माणूस तपासला नाही. बक्षीस मॅडमना परत दिलं. त्यांनी ते घेतलं, आणि नवा निबंध लिही म्हणाल्या. व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं, पण तो आता कोणाकोणाकडं आहे कोण जाणे. काल तीन लाख झाले होते. दुरुस्तीचा फोटोही टाकला, तो एकशेचाळीस लोकांनी पाहिला.

साहेबांचं उत्तर नाही. येईल असं वाटतही नाही.

माय वालूरहून आली होती. पेपर वाचून म्हणाली की माझा भाऊ लहानपणी मास्तरच्या छडीला भिऊन गोठ्यात लपायचा. एवढंच म्हणाली आणि तुमच्यासाठी शेवया देऊन गेली. दिवाळीला मी घेऊन येते, तोवर माझाही आवाज ताळ्यावर येईल.

मामीला नमस्कार. माया आहे, आणि आता ती बोलायला लागलीय.

तुमची,
अर्पिता


राणीसावरगाव
२१ ऑक्टोबर २०२४

बिरदेव हवालदार यांस नर्मदाबाईचा रामराम.

आजी सांगायलीय तसंच शिवकन्या लिहायलीय.

पेपर गावात आला. पोरांनी वाचून दाखवला. कोणी म्हणतंय त्याला गावात पाय ठेवू देऊ नका, कोणी म्हणतंय एवढ्या वर्सानं का व्हईना, सांगितलं तर खरं. माजं मलाच ठरंना. तुमाला माफ केलं असं म्हनवत न्हाई. शाप द्यावा तर तोंड उघडत न्हाई.

मला येगळंच खायलंय. तुमी गेल्यापून मी एकच इचार करायले. ह्या मानसानं येवढी मोटी गोष्ट पोटात ठिवली, तर आजपरेंत जे सांगितलं त्यातलं खरं किती? तुमी दरसाल येऊन माज्या लेकराचं काई ना काई सांगायचे. मी ते वर्सभर पुरवून पुरवून खायाची. माज्यापाशी त्याचं दुसरं हाय काय? पेटी तर तुमी उगडू दिली न्हाई.

आता ते सगळं माज्या हातून सुटायलंय. म्हनून इचारते. तो चौकीवर गानं म्हनायचा अन् समदे त्याला परत म्हनायला लावायचे, हे खरं हाय का? तो मरायच्या आदी दोन दिस हासत व्हता, खरं का? अन् मी संक्रांतीला तिळाचे लाडू धाडले व्हते. तुमी पैल्याच साली सांगितलं की त्याला ते भेटले, त्यानं लय आवडीनं खाल्ले, माज्या मायच्या हातचे हायत म्हनून समद्यांला दाखवले. त्या एका गोष्टीवर मी लय दिस काढलेत, हवालदार. ती खरी हाय का?

आता माज्यावर दया करू नका. खोटं असंल तर खोटं म्हना. कागदावर लिहून धाडा, शिवकन्या वाचंल.

नर्मदाबाई


चारठाणा
२६ ऑक्टोबर २०२४

श्रीमती नर्मदाबाई यांस बिरदेवचा दंडवत.

माय म्हणायचा हक्क मी मागत न्हाई, म्हणून नावानं लिहिलंय.

तुमी विचारलं तसं एकेक लिहितो.

गाण्याचं खरं हाय, ते मी सेटवर ऐकायचो. गळा चांगला नव्हता, पण शब्द पाठ होते. परत म्हणायला लावायचे ते हसण्यासाठी, अन् तो चिडायचा न्हाई, अजून जोरात म्हणायचा.

मरायच्या आधी दोन दिवस हसत होता, हे मला माहीत न्हाई. तो वरच्या चौकीवर होता, मी खाली. मी ते मनानं सांगितलं. सेटवर त्याचा आवाज मी शेवटचा ऐकला तो सोळा तारखेला. घासलेट संपत आलंय, पाठवा, एवढंच म्हणाला. आवाज ठणठणीत होता. हे खरं.

लाडूचं खोटं हाय. तुमचं पार्सल बर्फामुळं खालीच अडकलं होतं. ते पंचवीस तारखेला आलं. परमेश्वर जाऊन सात दिवस झाले होते. नियमानं ते तुमाला माघारी पाठवायचं. आमी चौघं होतो. त्या आठवड्यात कोणी धड जेवलं नव्हतं. आमी डबा उघडला. वर चिठ्ठी होती, ती मी वाचली अन् खिशात घातली. ती माझ्याकडं हाय, या पत्रासोबत पाठवायलोय. लाडू आमी वाटून खाल्ले. माझ्या वाट्याला तीन आले, तिन्ही मी खाल्ले.

ते मऊ होते, गूळ बरोबर पडला होता, वेलदोडा होता. हे खरं हाय.

बिरदेव